खचदरीतल्या तळ्याला चुना आणि गेरू

मी सरकारी पगारावर आयुष्यभर चिखल वाचला. साधा नव्हे, कोट्यवधी वर्षांपूर्वी साचलेला आणि दाबून दाबून दगड झालेला. हे ऐकलं की समोरचा माणूस दोनपैकी एक प्रश्न हमखास विचारतो. सोनं कुठं सापडतं, नाहीतर आमच्या वावरात बोअरला पाणी लागेल का. मला दोन्ही ठाऊक नाहीत. माझं खातं कोळशाचं, आणि त्यातही माझं काम कोळसा शोधण्याचं कमी आणि तो अमुक जागी नाही हे नीट सिद्ध करण्याचं जास्त. माझ्या लग्नाच्या बोलणीत हे मुलीकडच्यांना समजावून सांगता सांगता आमचे मामा घामाघूम झाले होते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. घर बोरी अरबला, वडील दारव्ह्याच्या कापसाच्या जिनात हमाल. मी भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. झालो तेव्हा त्यांनी पेढे वाटले आणि विचारेल त्याला सांगितलं, "पोरगं गोट्यात पास झालं." आईची शंका जास्त रास्त होती. ती म्हणाली, "वावरातले गोटे आमी जलमभर फुकटात येचले. तुले ते शिकाले कॉलेज काहून लागलं?"

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता सुचतं. गोटे वेचायला कॉलेज लागत नाही. कुणीतरी वेचून टाकलेले गोटे परत होते तसे लावायचे झाले, तर लागतं. ही वेळ माझ्यावर आली होती.

ती वर्षं कापसाच्या वाईट दिवसांची. बोंड भरलं की भाव नसायचा, आणि भाव चढला की अळीनं बोंड ठेवलेलं नसायचं. राजूरच्या पुढं, काळ्याभोर मातीतल्या एका गावाबाहेर आमचा कॅम्प पडला, तेव्हा गावानं आमच्याकडं पाहिलं ते पाहुणे म्हणून नव्हे, हंगाम म्हणून. पाणी भरणारे, पाइप उचलणारे, राखण करणारे, भाकरी थापणाऱ्या, सगळे गावातलेच. कॅम्प उभा आहे तोवर त्या घरांना आठवड्याची रोख मजुरी. बोअर संपला आणि पुढच्या बोअरचा हुकूम आला नाही, तर तंबू गुंडाळायचे आणि राम राम.

आमचा बोअर पाण्याच्या बोअरसारखा नसतो. पाण्याचा बोअर खडकाचा भुगा करतो. आमच्या पाइपाच्या टोकाला हिऱ्याचे कण बसवलेलं पोकळ कडं असतं. पपईत नळी खुपसून गराची कांडी काढावी, तशी ते खडकाची कांडी कापून वर आणतं. मनगटाएवढी जाड. तिला कोअर म्हणतात. (कड्यातल्या हिऱ्यांची बातमी गावात पसरल्यापासून आमचे ड्रिलर रहीमभाई ते उशाखाली घेऊन निजत. त्यांची मान त्या कॅम्पापासून जी आखडली ती आखडलीच.)

कोअर निघाली की लांब लाकडी पेटीच्या खणांत, ज्या क्रमानं निघाली त्याच क्रमानं ठेवायची. पाइपाच्या प्रत्येक खेपेनंतर मधे लाकडाचा ठोकळा, त्यावर खोली लिहिलेली. मग मी येणार, प्रत्येक तुकड्यावर ऑइलपेंटनं नंबर घालणार, वर कुठली बाजू त्याचा बाण काढणार, आणि वाचायला बसणार. क्रम गेला तर सगळं गेलं. मग ती कांडी म्हणजे नुसते गोटे, आईनं वावरात वेचले तसले.

वाचायचं काय, तर तळं. गावातले लोक विचारत, "साहेब, इथं समुद्र होता म्हंतेत?" समुद्र नव्हे. जमीन ताणली गेली, लांबलचक तडे गेले आणि मधली पट्टी खाली बसली. हिला आमच्या पुस्तकात खचदरी म्हणतात. ही आमची वर्धा नदीच्या काठानं चंद्रपूरवरून थेट खाली गोदावरीकडं जाते. अशा खचदरीत मोठमोठी तळी साचतात. बाजेचा एका बाजूचा पाय मोडला तर बाज कशी कलते? तसा त्या तळ्याचा तळ कललेला असतो. मोडल्या बाजूला उभा कडा आणि खोल पाणी, दुसऱ्या बाजूला लांबलचक उतार. कड्यावरून धोंडे कोसळतात, ते तिथंच पायथ्याशी पडतात. उताराकडून नद्या येतात, त्या वाळू काठालाच टाकून देतात. मधल्या खोल पाण्यात पोहोचतो तो फक्त सगळ्यात बारीक गाळ. तो हळूहळू, न बोलता, लाखो वर्षं खाली बसत राहतो.

यावर रहीमभाईंनी एकदा फार चांगला प्रश्न विचारला. "साहब, इतना गाळ गिरा तो तलाव भर काहे नहीं गया?"

त्याचं उत्तर गाडीत कापूस भरणाऱ्या माणसाला पाठ असतं. बोऱ्यात एकजण उभा राहून कापूस तुडवतो, वरून दुसरा टाकतो. टाकावा तितका खाली बसतो, बोरा भरल्यासारखा वाटतो आणि भरत नाही. खचदरीचा तळ तसाच. वरून गाळ पडतो आणि खालून जमीन बसत जाते. गाळाचं वजनच तिला आणखी बसवतं. म्हणून तर एवढे जाड थर साचतात. आणि बसण्याचा वेग कमी पडून तळं कधी काठोकाठ भरलंच, तर त्याची दलदल होते. दलदलीत झाडं वाढतात, पडतात, कुजतात. त्याचा पुढं कोळसा. आमच्या पोटापाण्याचा प्रश्न एवढाच असायचा: हे तळं भरत होतं की बुडत होतं?

आता मूळ गोष्ट.

बोअर शेवटच्या टप्प्यात होता. कोळसा लागला नव्हता. नागपूरचे मोठे साहेब येऊन कोअर पाहणार आणि कॅम्प ठेवायचा की उठवायचा ते ठरवणार होते. बारीक अंगाचे, कमी बोलणारे. त्यांच्याबद्दल असं बोललं जायचं, की ज्या कॅम्पावर ते चहा न घेता जातात तो कॅम्प उठलाच समजा. नेमकी तेव्हाच माझ्या बहिणीची सोयरीक जुळत होती, म्हणून मी थोडे दिवस बोरी अरबला गेलो. जाताना आमचे चौकीदार देवराव यांना सांगून गेलो, "देवराव, साहेब यायच्या आधी कॅम्प झकास दिसला पाहिजे."

देवराव म्हणजे सांगितलं की दुप्पट करणारा माणूस. बायको वच्छलाबाई कॅम्पावर स्वयंपाक करायची, आणि "यायले काही सांगत नोका जाऊ साहेब, हे करतेत" असा इशारा तिनं नवऱ्याकडं बोट दाखवून मला पहिल्याच आठवड्यात दिला होता.

साहेब यायच्या आदल्या दिवशी सकाळी मी एसटीतून उतरून कॅम्पाकडं चालत आलो. लांबूनच ऊर भरून आला. गाडीरस्त्यापासून माझ्या तंबूपर्यंत पायवाट आखलेली, शेणानं सारवलेली, आणि दोन्ही बाजूंनी दगडांची किनार. एक पांढरा, एक गेरूचा, एक पांढरा, एक गेरूचा. सरकारी बंगल्याला असते तशी, पण त्याहून देखणी. सगळे दगड एका मापाचे, गोल, तिरके रोवलेले, जणू साच्यातून काढलेत. मी मनात म्हटलं, ह्या भागात तर माणसाला कुत्र्याला मारायला खडा सापडत नाही, नुसती काळी माती. इतके सारखे गोल दगड देवरावांनी आणले तरी कुठून?

मग मी वाकलो. चुन्याखाली दगडाला पापुद्रे दिसले. अगदी बारीक, एक फिका, एक गडद. पावसाळ्याचा गाळ फिका, उन्हाळ्याचा गडद. असे पापुद्रे रस्त्याच्या कडेला नसतात.

"या साहेब, या!" देवराव हात पुसत आले. "कसं वाटलं?"

"देवराव, हे दगड?"

"पेटीतले. बाहीर कुठीच भेटेना जी. यवतमाळपावतर गेलो असतो तरी असे गोल भेटले नसते."

"माझ्या पेट्यांतले?"

"सारे नाई घेतले. ज्याच्यावर तुमी रंगानं लिवलं होतं, ते तसेच हायेत. लिवलेलं कोन घेईन साहेब? बिनलिवलेले तेवढेच घेतले." त्यांनी अभिमानानं एका दगडावर थाप मारली. "मोठाले होते ते फोडून सारखे केले."

"आणि मधले लाकडी ठोकळे?"

देवरावांनी चुलीकडं पाहिलं. चुलीवर चहा उकळत होता.

मी खाली बसलो. बसायला बाक होता. तो उपडी घातलेली कोअरची पेटी होती.

मी नसतानाच्या दिवसांत निघालेली सगळी कोअर, म्हणजे बोअरचा शेवटचा, निर्णायक भाग, पायवाटेला किनार म्हणून रोवला गेला होता. बोअर किती खोल गेला ते रहीमभाईंना माहीत होतं. कुठला तुकडा कुठला, हे फक्त परमेश्वराला, आणि तो साहेबांना रिपोर्ट देत नाही.

रहीमभाई बोअरच्या मशीनवरून आले. "साहब, मैं तो मशीन पे था. मेरे को लगा आपके हुकुम से हो रहा. सुंदर दिख रहा था, इसलिए कुछ बोला नहीं."

"तुमीच तं सांगतलं होतं साहेब, कॅम्प झकास पाह्यजे म्हून," देवराव म्हणाले. आता त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"मले पुसा," वच्छलाबाई चुलीपासून ओरडली. "म्या सांगतलं होतं यायले, साहेबाचे गोटे हायेत, हात नोका लावू. तं म्हंते कसे, गोटेच तं हायेत, कुठी पयतेत!"

रडायला वेळ नव्हता. सगळे तुकडे उपटून हातपंपावर धुवायला घेतले. गावातल्या बायका काथ्या घेऊन आल्या. गेरू निघाला, चुना निघेना, कारण देवरावांनी चुन्यात डिंक घातला होता. "पावसानंबी जात नाई," ते सवयीनं बोलून गेले. तेवढ्यात वच्छलाबाई ओरडली. तिनं भांडं घासावं तसा एक तुकडा घासला होता आणि तो हातातल्या हातात चिखल झाला होता. "साहेब, हे तं इरघयलं!" तो मऊ गाळाचा दगड होता. कोट्यवधी वर्षं टिकला आणि वच्छलाबाईपुढं टिकला नाही. मग बाकीचे ओल्या फडक्यानं पुसले.

मग आम्ही पृथ्वी जुळवायला बसलो. त्या दिवशी कॅम्पाच्या अंगणात मी जो वर्ग घेतला, तसा माझ्या कॉलेजात कुणी घेतला नव्हता.

पहिला नियम सोपा. तुटलेल्या बांगडीचे तुकडे जसे एकमेकांत बसतात, तशी तुटलेली टोकं बसवून पाहायची. बायकांनी ते काम उचललं. ज्या ठिकाणी देवरावांनी घणानं फोडलं होतं तिथं टोकं लगेच जुळली, कारण तो घाव ताजा होता. "पाहा, माहं काम साफ असते," देवराव म्हणाले. कुणीच मान हलवली नाही.

दुसरा नियम, वर कुठलं आणि खाली कुठलं. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत मी माती, वाळू आणि पाणी घालून हलवलं आणि ठेवून दिलं. जाड वाळू आधी तळाला बसली, मग बारीक, मग गढूळ. "त्या तळ्यात असंच व्हायचं," मी म्हटलं. "भूकंप झाला की कड्याकडून गाळाचा लोंढा सुटायचा आणि पाण्याखालून मधोमध येऊन पडायचा. जाड खाली, बारीक वर. तुकड्यात जाड बाजू दिसली की ती खाली ठेवा."

"डाय धुतानी खडे खालीच बसतेत," वच्छलाबाई म्हणाली. "येवढ्यासाठी बरनी कायले खराब केली?"

तिसरा नियम शिकवावाच लागला नाही. काही तुकड्यांत भेगा होत्या, वाळूनं भरलेल्या, वर रुंद आणि खाली निमुळत्या होत गेलेल्या. तळ्याचं पाणी हटलं, काठचा चिखल उन्हात तडकला आणि मग त्या भेगांत वाळू भरली. उन्हाळ्यात आपली काळी जमीन तडकते ती वर रुंद आणि खाली बारीकच तडकते. ते तुकडे लोकांनी मला न विचारता सरळ लावले.

चौथ्या नियमानं गोंधळ झाला. दोन काळे तुकडे डोळ्यांना सारखे दिसले तर आमच्या धंद्यात कोपरा चावून पाहतात. दातांखाली कचकचलं तर दाणा थोडा जाड, पेढ्यासारखं गुळगुळीत लागलं तर अगदी बारीक. हे खोटं नाही. जगभरचे भूगर्भवाले दगड चावतात. मी चावून दाखवला तेव्हा बायकांनी तोंडाला पदर लावले.

"साहेब," देवराव हळूच म्हणाले, "तुमच्या घरी हे ठाव हाये काय?"

पण मग सगळेच चावायला लागले. रहीमभाई लगेच बाद झाले, कारण त्यांच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता आणि खर्रा खाणाऱ्याला वाळू, गाळ, सुपारी, सगळं सारखंच. "मेरे को तो सब कचकच लग रहा, साहब." तपासलं तर कॅम्पावरचे सगळेच पुरुष खर्रेवाले. म्हणून त्या तळ्याचा गाळ शेवटी बायकांनी चावून लावला. पदर खोचून, ओळीनं बसून, थुंकत. "हे कचकचते." "हे लोन्यावानी हाये." "ह्याची चव चुन्याची हाये, आधी पुसा." एक म्हातारी म्हणाली की आपण पोटुशी असताना चुलीची माती खाल्ली होती, ती याच्यापेक्षा कितीतरी चवदार होती.

दिवस कलता कलता पेट्या भरल्या. खाली वाळूचे थर, त्यावर लोंढ्यांचे, वर पुन्हा काठचा तडकलेला चिखल. मी उकिडवा बसून वाचलं आणि खरं सांगतो, मला ते तळं दिसलं. पायवाटेची किनार परत तळं झाली होती.

एक टप्पा सोडून. मधला काळा गाळ, अगदी खोल पाण्यातला. त्यात लोंढा नाही, भेग नाही, काही नाही. नुसते एकसारखे पापुद्रे. देवरावांच्या घणानं त्याचं भुसकट झालं होतं, म्हणून टोकंही जुळेनात. पापुद्र्यांचा दाणा एका टोकाला किंचित जाड आणि दुसऱ्या टोकाला किंचित बारीक होता, पण ते टोक वर की खाली, याला पुरावा काहीच नव्हता. आणि सगळं त्याच्यावरच अडलेलं. जाड टोक वर असेल तर काठ जवळ सरकत होता, तळं भरत होतं, आणि उताराच्या बाजूला कोळसा असण्याची आशा. मग पुढचा बोअर. बारीक टोक वर असेल तर तळं बुडत होतं. मग कॅम्प बंद.

"तो फिर भरता हुआ रखो ना, साहब," रहीमभाई म्हणाले. "कौन देखने वाला है?"

"मला माहीत नसताना कसं ठेवू?"

"अरे, पण उलटं हाये हे तरी तुमाले कुठी ठाव हाये?" देवराव. "मंग आपल्या फायद्याचं ठेवा की."

मी नाही म्हटलं. माझ्या बापानं गाठी उचलून मला शिकवलं होतं, आणि शिकलो होतो ते एवढंच, की दगड जे सांगतो ते लिहायचं, आणि सांगत नसेल तर तसं लिहायचं. मी तो काळा चुरा वेगळ्या पेटीत ठेवला आणि पेटीवर ऑइलपेंटनं भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं.

वच्छलाबाईनं ते पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण प्रश्नचिन्ह कळलं.

"साहेब," ती म्हणाली, "तुमचा तो तलाव मेला कवाचाच. आमी जित्ते हाओत."

त्या संध्याकाळी मला भाकरी मिळाली, पण पुढ्यात आदळून मिळाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांची जीप आली. ते उतरले आणि पायवाटेवरून चालत आले. दोन्ही बाजूंना उपटलेल्या दगडांची भोकं होती, दात काढलेल्या हिरड्यांसारखी.

"इथं काय पेरलं होतं?" त्यांनी विचारलं.

"कोअर, साहेब," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. चुना, गेरू, डिंक, ठोकळे, चूल. देवराव माझ्या मागं इतके आक्रसून उभे होते की दिसत नव्हते.

साहेब भिंग काढून पेट्यांपाशी बसले. एकेक तुकडा उचलला, पाहिला, ठेवला. मधूनच एक चावला, तोंड वाकडं केलं आणि थुंकले. "डिंक," म्हणाले. वच्छलाबाई चहाचा कप धरून उभी होती. त्यांनी कपाकडं पाहिलंसुद्धा नाही. मग ते प्रश्नचिन्हाच्या पेटीपाशी आले.

"हे काय?"

"हा टप्पा लागत नाही, साहेब. वर कुठलं ते सांगता येत नाही."

"म्हणजे तळं भरत होतं की बुडत होतं, तेच तुम्हाला माहीत नाही."

"नाही, साहेब."

"अख्खा बोअर मारला आणि नेमकं तेच माहीत नाही."

"नाही, साहेब."

रहीमभाईंनी डोळे मिटले. साहेबांनी भिंग खिशात घातलं. "मग यावर सही कशी करू मी? कोळसा नाही असंही लिहिता येत नाही, आणि आहे असंही नाही." ते उठले, गुडघे झटकले. "शेजारीच दुसरा बोअर मारा. तोच टप्पा पुन्हा काढा. यंदा खात्याला ठरवून दिलेले बोअरचे मीटर तसेही भरायचेच आहेत." मग वच्छलाबाईकडं वळून म्हणाले, "बाई, तो चहा गार झाला असेल. दुसरा करता का?"

वच्छलाबाई कप तसाच धरून चुलीकडं पळाली. मी प्रामाणिकपणानं कॅम्प बुडवणार असं सगळ्यांनी धरलं होतं. प्रत्यक्षात देवरावांच्या घणानं आणि डिंकानं तो वाचवला होता. मी जर काही केलं असेल, तर न येणारं उत्तर कोरं सोडलं.

त्या साली माझ्या गोपनीय अहवालात "कोअरची निगा असमाधानकारक" असा शेरा आला. तो रास्त होता, आणि अजूनही खुपतो. बढती मागं पडली. आई म्हणाली, "गोटेबी नीट ठेवता आले नाई?"

शेवटी काय निघालं तेही सांगून टाकतो. तो काळा टप्पा तिसऱ्या बोअरमधून सलग, अखंड बाहेर आला. दाणा वर वर बारीक होत गेलेला. तळं बुडतच होतं, कोळसा नव्हता. मी तसं लिहिलं आणि कॅम्प उठला, पण तोवर कापसाची वेचणी सुरू झाली होती आणि लोकांना वावरात काम होतं.

दुसऱ्या बोअरचं मात्र सांगायचं राहिलं.

तो पहिल्यापासून थोड्याच अंतरावर घेतला. कोअर निघायला लागली आणि मी जुन्या पेट्या शेजारी मांडून जुळवत गेलो. थराला थर मिळत आला. लोंढा होता तिथं लोंढा, भेगा होत्या तिथं भेगा. बायकांनी दातांनी लावलेला क्रम पृथ्वीनं जसाच्या तसा मान्य केला. मी त्यांना बोलावून दाखवलं. त्या म्हाताऱ्या बाईनं दोन्ही पेट्यांकडं पाहून मान डोलावली, जणू तिनंच ते तळं साचवलं होतं.

मग काळा टप्पा आला. रहीमभाईंनी पाइप वर ओढला, आडवा केला, ठोकला. त्यातून काळं पाणी गळलं आणि दुसरं काहीच आलं नाही. मऊ दगडात पंपाचं पाणी जोरात सोडलं की कोअर धुपून वाहून जाते. नवशिक्याच्या हातून असं होतं. रहीमभाईंच्या हातून मऊ दगडाची कोअर गेलेली मी कधी पाहिली नव्हती. त्यांनी पाइप दुर्बिणीसारखा डोळ्याला लावून आत पाहिलं.

"साहब," ते म्हणाले, "ये तो शरमा गया."

देवराव आभाळाकडं बघत होते. वच्छलाबाईला अचानक भाकरीची आठवण झाली.

मी राजूरला जाऊन एसटीडी बूथवरून साहेबांना फोन लावला. सांगितलं, बाकीचं सगळं जुळलं, तेवढा टप्पा गेला. बूथच्या मशीनवरचे आकडे पळत होते.

"बाकी सगळं जुळलं?"

"सगळं, साहेब."

"आणि नेमका तोच टप्पा वाहून गेला."

"हो, साहेब."

"रहीम काय म्हणतो?"

"म्हणतो, शरमा गया."

मग मला वाटतं ते हसले, पण लाइन खराब होती, खात्री देता येत नाही.

"तिसरा मारा," साहेब म्हणाले. "आणि रहीमला सांगा, ह्या खेपेला पंप हळू ठेव म्हणावं. बोअरही हळूच होऊ दे. घाई कुणाला आहे?"